शिशाला तांब्याचं झबलं

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून काय केलं, तर गॅसवर तांबं भाजलं. संध्याकाळची नमाजाची बांग होऊन गेली होती, बाल्कनीचं दार उघडं होतं, आणि सुनंदा पापड भाजायचा चिमटा हातात धरून ओट्याशी उभी होती. मी एसीच्या तांब्याच्या नळीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे कापून एका जुन्या झाकणात ठेवलेले. ती एकेक तुकडा चिमट्यात पकडायची आणि आचेवर धरायची. तांबं आधी काळपट पडतं, मग त्याच्या कडेने ज्योत हिरवी होते, मग लाल. "झालं?" ती विचारायची. मी म्हणायचो, थांब. "आता झालं?" थांब गं. "अहो, हात भाजतोय माझा." टाक मग. स्टीलच्या वाडग्यात पाणी होतं, त्यात तुकडा पडला की चर्र आवाज व्हायचा आणि ती दर वेळी हसायची. म्हणायची, नळीला फोडणी बसली. पाण्यात काळी पापडी सुटून तळाला जायची आणि आतून तांबं असं गुलाबी निघायचं की नुकतं न्हाऊ घातलेलं पोर. सगळे तुकडे झाले तेव्हा ती म्हणाली, कंबर धरली माझी. मी गवती चहा घालून चहा केला, मला तेवढाच येतो. वाडगा तसाच ओट्यावर राहिला. मी पुसायला घेत होतो तर म्हणाली, "राहू दे हो. सकाळी पुसून ठेवते." चहा पिऊन ती आत जाऊन आडवी झाली.

नित्या, आमचा मुलगा, म्हणतो, बाबा, तुमच्या लहानपणाचं लिहा, ईराला पुढे वाचता येईल. ईरा म्हणजे नात. तिला मराठी समजतं, वाचता येत नाही, पण असो. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस, माझं लिहिणं म्हणजे बोलणंच कागदावर सांडायचं. भातगिरणीबद्दल लिहिलं, खाडीबद्दल लिहिलं, पहिल्यांदा शारजाला उतरलो तेव्हा तोंडावर जी गरम हवा बसली तिच्याबद्दल लिहिलं. पण दर वेळी मध्ये हे गेल्या वर्षाचं येऊन बसतं. मग ठरवलं, हे एकदा लिहून टाकू. मोठं होण्याचंच लिहायचं ना? मी शाळा सोडली तेव्हा मोठा झालो नाही, लग्न झालं तेव्हा नाही, आईबाप गेले तेव्हाही नाही. घरात सगळं करायला कुणीतरी होतं. जो काय मोठा झालो तो आता, आणि काही चांगला झालो असं नाही.

तरी गिरणीचं थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझा बाप गावच्या भातगिरणीत फिटर होता. पट्टा तुटला, बेअरिंग गेलं, इंजिन धरलं की बापाला हाक. माणूस बोलायला फटकळ, मी त्याच्यावर गेलो. वर्षभर त्याची हत्यारं तेलकट गोणपाटात पडलेली असायची, पण दसऱ्याला तो ती रॉकेलने धुवायचा. पाने, हातोड्या, छिन्नी, कानस, सगळं पुसून पाटावर मांडायचा, आई हळदकुंकू लावायची, झेंडूची फुलं ठेवायची. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. गिरणी बंद. आम्ही पोरं पाटासमोर बसून वडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं खायचो, आणि मला वाटायचं की हत्यारंही आमच्याबरोबर जेवतायत. दुपारी खाडीवर गरवायला जायचो. दोरीला गरी, गरीला कोळंबी, आणि वजनाला काय तर दगड. शिसं असायचं ते नाखव्यांच्या जाळ्यांना. त्यांच्या जाळ्यातून एक शिशाची गोळी पडलेली सापडली की मी ती आठवडाभर खिशात मिरवायचो. बोटं काळी व्हायची. आई हात धुवायला लावायची, मी धुवायचो नाही.

पुढे शारजात एसीच्या वर्कशॉपमध्ये लागलो. पहिल्या दसऱ्याला खोलीतल्या पलंगावरच पाना, पक्कड आणि ट्यूब कटर मांडला आणि त्यांना कुंकू नव्हतं म्हणून हळदच लावली, कुणा केरळ्याच्या मसाल्याच्या डब्यातली. खोलीतले सगळे हसले. मी शिव्या दिल्या. नंतर सुनंदा आली, अल मजाजला ही एक बेडरूमची जागा घेतली, नित्या इथेच वाढला, शिकला, जुमेरा लेक टॉवर्समध्ये ऑफिसला लागला, लग्न करून डिस्कव्हरी गार्डन्सला राहायला गेला. सून गौरी, चांगली मुलगी. एवढ्या वर्षांत दसरा चुकला नाही. झेंडू मिळो न मिळो, आपट्याची पानं तर इथे कुठली, पण पाट मांडला जायचा. सुनंदा रांगोळी काढायची. फरशीवर रांगोळी नीट बसत नाही, एसीच्या वाऱ्याने उडते, म्हणून ती त्या वेळेपुरता एसी बंद करायची आणि आम्ही घामाने निथळत पूजा करायचो.

काम सुटल्यावर माझे हात मोकळे झाले. ज्याचे हात आयुष्यभर काळे होते त्याचे हात एकदम पांढरे पडले की त्याला ते दुसऱ्याचे वाटतात. घरात मी नळ घट्ट करत फिरायचो, सुनंदा म्हणायची, अहो, तो नळ आता सुटायचाच नाही. मग नित्याने मोबाइलवरून मासेमारीचा परवाना काढून दिला आणि एक चांगली काठी आणून दिली. आम्ही दोघं संध्याकाळी समुद्रावरच्या दगडी बांधावर जाऊन बसायला लागलो. शेरी, इथला मासा, मिळायची कधी. ती शेरी सुनंदा तिरफळं घालून करायची, आणि मी म्हणायचो बांगड्याची सर नाही, आणि सगळी खायचो. दोरीला लावायचं वजन दुकानात तयार मिळतं, पण ते गोल. वाऱ्यात लांब जात नाही. मला वाटलं, पुढून निमुळतं आणि मागून सपाट असं वजन आपण दाबून काढू. वर्कशॉप बंद झालं तेव्हा बेअरिंग बसवायचा एक जुना हातप्रेस मी उचलून आणला होता, तो बाल्कनीत गंजत होता. साचा बनवून दिला माझ्याबरोबरच्या एका पठाण टर्नरने. दोन तुकड्यांचा पोलादी साचा, आत असा गुळगुळीत की बोट घसरावं. शिशाची जाड तार मिळते. तिचा तुकडा साच्यात टाकायचा, प्रेसचा दांडा खाली ओढायचा. शिसं वितळवायची गरजच नाही. ते इतकं मऊ असतं की दाबलं की लोण्यासारखं साच्यात बसतं.

सुनंदाने पहिल्याच दिवशी मोडता घातला. तिने मोबाइलवर पाहिलं होतं की शिसं पोटात गेलं तर वाईट, लहान मुलांना तर फारच. "ईरा येते घरात. हे उघडं शिसं मला नको," म्हणाली. मी म्हणालो, लहानपणी मी खिशात घेऊन फिरलो, काय झालं मला? तर म्हणाली, "तेच तर म्हणते. बघा की काय झालंय ते." मग स्वतःच म्हणाली, "त्याला वरून काहीतरी घाला ना. उघडं कशाला ठेवता, झबलं घाला." ते तिने असंच म्हटलं, पण माझ्या डोक्यात बसलं. एसीच्या तांब्याच्या नळ्यांची तुकडेताकडे पडलेली होतीच. नळीचा तुकडा घ्यायचा, एक तोंड दाबून बंद करायचं, झाली तांब्याची टोपी. तिच्यात शिसं बसवायचं आणि मग दोघांना एकत्र साच्यात दाबायचं. म्हणजे हाताला लागतं ते तांबं, शिसं आतल्या आत.

बोलायला सोपं. पहिले कितीतरी तुकडे फाटले. तांबं कडक होतं, उभं चिरायचं. मग लक्षात आलं, आपण आयुष्यभर नळ्या वाकवल्या त्या भाजूनच, आणि हे विसरलो. भाजून पाण्यात टाकलं की तांबं नरम पडतं. लोखंडाचं उलटं असतं. मग फाटायचं बंद झालं, पण अंगावर खळ्या पडायला लागल्या. दोन दिवस मी साच्याला शिव्या देत होतो, पठाणालाही दिल्या फोनवर. सुनंदा डोक्याला खोबरेल लावत बसली होती. म्हणाली, "तुम्ही तेल किती ओतताय त्याच्यात. तेलाला जायला जागा नको का?" तेच होतं. तेल अडकून तांब्याला आत ढकलत होतं. मग तीच बोटाच्या टोकाने खोबरेल लावायला लागली, लावलं न लावल्यासारखं. त्या दिवशी पहिलं नीट वजन साच्यातून निघालं. खालून शिशाचा करडा डोळा, वर सगळं तांबं, आरशासारखं, टोक निमुळतं. टोकाला तारेचा फासा बसवायचा बाकी होता. मी ते तळहातावर घेऊन घरभर फिरलो. ईरा त्या शुक्रवारी आली होती, तिने हातात घेतलं आणि म्हणाली, "आजोबा, इट लुक्स लाइक अ बुलेट." आम्ही सगळे हसलो. मी तर छाती फुगवली. कुणाच्याही डोक्यात शिरलं नाही. नऊ वर्षांची पोर जे बघते ते सांगते, आणि आम्ही मोठी माणसं कौतुक ऐकत बसलो.

दसऱ्याला मी प्रेस धुतला, साचा धुतला आणि त्या हंगामात काढलेली सगळी वजनं पाटावर ओळीत उभी केली. फासे अजून बसवले नव्हते, कारण उभी राहिली पाहिजेत ना. दोन रांगा. प्रत्येकाला सुनंदाने कुंकवाचं बोट लावलं. तांब्यावर कुंकू इतकं छान दिसतं. मागे प्रेस, त्याच्या दांड्याला झेंडूची माळ, पुढे रांगोळी. घाम पुसत पुसत तिने फोटो काढला. आमच्या बिल्डिंगच्या बायकांचा मोबाइलवर ग्रुप आहे, त्यात सगळ्या देशांच्या बायका, कुणी बिर्याणी टाकतं, कुणी पोराचं सर्टिफिकेट. सुनंदा कधी काही टाकायची नाही. तिचं काय टाकण्यासारखं असतं, असं तिला वाटायचं. त्या दिवशी तिने टाकलं. खाली इंग्रजीत हॅपी दसरा, गौरीकडून शिकलेलं. मला दाखवलं, म्हणाली, बघा, तुमचं कौतुक करते. मी श्रीखंड खात होतो. बरं दिसतं म्हणालो.

दुपारी बेल वाजली. दारात दोन तरुण पोलीस, एक पोलीस बाई, आणि त्यांच्या मागे आमचा नातूर, म्हणजे बिल्डिंगचा रखवालदार, तोंड पाडून उभा. पलीकडच्या दारात मॅथ्यू उभा होता, आमचा शेजारी. त्याची बायको त्या ग्रुपमध्ये होती. तिने फोटो त्याला दाखवला आणि त्याने नातूराला. पोलिसांनी दारातच बूट काढले. हे मला सगळ्यात आठवतं. कुणी ओरडलं नाही. पुढचा पोरगा, मिशी नुकती फुटलेली, चांगल्या हिंदीत म्हणाला, "चाचा, माफ करना, घर थोडा देखना है." मग त्याला पाट दिसला. तो बघतच राहिला. मीही बघितला, त्याच्या डोळ्यांनी, पहिल्यांदाच. लालभडक ठिपके लावलेल्या तांब्याच्या दोन रांगा, फुलं घातलेलं एक यंत्र, समोर उदबत्ती.

"चाचा, ये क्या चीज है?"

मी आयुष्यात कुणाला घाबरून बोललो नाही. फोरमनला तोंडावर बोललो, मुदीरला, म्हणजे कंपनीच्या साहेबाला, बोललो, लग्नात सासऱ्याला बोललो. त्या दिवशी माझ्या तोंडातून शब्द निघेना. फ्रिजचं हँडल धरून उभा होतो, आणि उगाच दार उघडत-मिटत होतो. आतला दिवा लागत होता, विझत होता. सगळ्यांना दिसत होतं.

सुनंदा पुढे झाली. पदर खोचला. तिचं हिंदी म्हणजे मराठीलाच है लावलेलं. "साब, ये मच्छी का है. मच्छी पकडने का. वजन है वजन." तिने एक उचललं, ड्रॉवरमधून तारेचा फासा आणला, बसवून दाखवला, दोरी ओवली, आणि हॉलच्या मध्ये उभी राहून गरगर फिरवून दाखवलं, गरी टाकतात तसं. पोलीस बाई मागे सरली आणि हसली. "और ये लाल?" पोरग्याने कुंकवाकडे बोट केलं. "पूजा है," सुनंदा म्हणाली. "आज काम की चीज को आराम देनेका. उसको बोलनेका, तूने साल भर काम किया, आज बैठ." त्याला ते पटलं असावं. मान हलवली. तिने वाट्यांत श्रीखंड दिलं, त्या बाईने एक चमचा खाल्ला. ते काही वजनं तपासायला घेऊन गेले. नित्याला ऑफिसातून बोलावलं, ठाण्यावर त्याने हमी दिली. संध्याकाळपर्यंत सगळं मिटलं. जाताना त्या पोरग्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, "चाचा, दुकान में रेडी मिलता है. घर में ये मशीन का काम खलास. ठीक है?" मी मान हलवली. तेवढीच हलली माझी मान त्या दिवसात.

नित्या गाडीत बसण्याआधी वर आला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. दमलेला आवाज. "बाबा, प्लीज. माझा व्हिसा, तुमचा व्हिसा, ईराची शाळा, सगळं एकात एक अडकलंय इथे. तुम्हाला छंद हवा ना, मी कॅरम आणून देतो." कॅरम. तो गेला, दार लागलं, आणि जे शब्द पोलिसांसमोर निघाले नाहीत ते सगळे मी सुनंदावर काढले. तुला कुणी सांगितलं होतं फोटो टाकायला? काय दिवे लावायचे होते? अख्ख्या बिल्डिंगसमोर पोराला मान खाली घालायला लावलीस. भिंतीपलीकडे मॅथ्यूच्या घरी ऐकू जात असणार, ते मला कळत होतं, आणि तरी मी आवाज चढवत होतो. ती पाटावरचं कुंकू ओल्या फडक्याने पुसत होती. म्हणाली, "मला वाटलं, सगळ्यांना कळावं तुम्ही काय करता." तेवढंच.

त्यानंतर मला लाज वाटायला लागली, आणि लाजेचं एक आहे, ती बसायला जागा मागते. लिफ्टमध्ये कुणी असलं की मी जिन्याने जायचो. खाली दुकानात जाणं बंद. शुक्रवारी नित्याकडे जायचं तर गौरी नेहमीसारखीच वागायची, आणि मला वाटायचं मुद्दाम वागते. ईराने एकदा विचारलं, "आजोबा, वेअर आर युअर बुलेट्स?" गौरीने तिच्यावर डोळे वटारले. मी जेवता जेवता उठलो. प्रेस गोणपाटात बांधून बाल्कनीच्या कोपऱ्यात टाकला, काठी माळ्यावर. बांधावर जाणं संपलं. सुनंदा एकटीच खालिद लगूनच्या काठाने फेरी मारून यायची आणि काय काय दिसलं ते मला सांगायची, मी टीव्हीकडे बघत ऐकायचो. एवढ्या वर्षांत तिला एकटीला फिरताना मी कधी पाहिलं नव्हतं. आता आठवलं की वाटतं, त्या फेऱ्या मी तिच्याबरोबर मारायला हव्या होत्या. पाय माझे शाबूत होते. लाज वाटत होती, तेवढंच कारण.

मॅथ्यू एकदा आला होता. हातात केळ्याच्या वेफर्सचा डबा. दार मीच उघडलं. "भाईसाब, मैंने सिर्फ नातूर को पूछा था. वो सीधा पुलिस को बोल दिया. मेरेको माफी..." मी दार लावून घेतलं. त्याच्या तोंडावर. डबा त्याने दाराशी ठेवला असावा, कारण नंतर ते वेफर्स सुनंदाच्या हातात दिसले. ती मजेत खात होती. मी म्हणालो, लाज नाही वाटत? म्हणाली, "कसली? केळ्यांची?" मग डबा माझ्यापुढे धरला. "अहो, त्या माणसाच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतंत? तुम्ही तर अख्खी बिल्डिंग खाली केली असती." खरं होतं. मी वेफर घेतला नाही.

असेच दिवस गेले. थंडी सुरू झाली, इथली थंडी, बाल्कनीत बसण्यापुरती. मी सुरुवातीला सांगितलं त्या दिवशी दुपारी तिने स्वतःच गोणपाट सोडलं. मी आतून ओरडलो, काय चाललंय? "एक करू," म्हणाली. "एकच. पोलिसांनी नेलेली परत आलीच नाहीत, उरलेली तुम्ही टाकून दिलीत. आपण बनवलेलं पाण्यात कसं जातं ते मी बघितलंच नाही अजून." मी म्हणालो, नित्याने हमी दिली आहे. ती म्हणाली, "मग प्रेस इथे नका चालवू. आज नुसतं तांबं भाजू, फाटतील म्हणून चार तुकडे जास्त. ते काय मशीनचं काम आहे? उद्या टोप्या घेऊन तुमच्या पठाणाकडे जा, त्याच्या दुकानात दाबून आणा. संध्याकाळी बांधावर जाऊ." सगळा विचार करून ठेवला होता. मी उठून नळी आणि कटर घेतला. कटर नळीभोवती फिरायला लागला तसा माझा श्वास मोकळा होत गेला, हे मला आठवतं. ती चिमटा घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली तेव्हा स्वयंपाकघरातून आवाज नव्हता. रोज आधी नळाचा, मग मिक्सरचा आवाज यायचा. मी हॉलमध्ये सोफ्यावर झोपलो होतो, टीव्ही बघता बघता. आत गेलो. ती भिंतीकडे तोंड करून होती. पायाला हात लावला, गार. थंडीने असेल म्हणून मी पायावर चादर ओढली. हाक मारली. खांद्याला हात लावला आणि मग समजलं. डॉक्टर नंतर म्हणाले, झोपेतच गेल्या, तुम्ही उठायच्या बऱ्याच आधी. नित्याही म्हणतो, बाबा, काही फरक पडला नसता. पण त्या क्षणी मला हे काही माहीत नव्हतं. मी डॉक्टर नाही. नाडी कुठे बघतात तेही मला नीट येत नाही.

तरी माझ्या मनात पहिलं काय आलं, तर पोलीस येतील. घरी माणूस गेलं की इथे पोलीस येतातच, हे मी खोलीतल्या दिवसांपासून बघत आलोय. माझ्या डोळ्यांसमोर तो मिशी फुटलेला पोरगा आला, बूट काढून आत येणारा. आणि ओट्यावर वाडगा होता.

मी स्वयंपाकघरात गेलो. पाणी ओतलं, तळाची काळी पापडी बोटाने सिंकमधून घालवली. तांब्याचे तुकडे तिच्या हात पुसायच्या फडक्याने एकेक करून कोरडे केले. सकाळी पुसून ठेवते म्हणाली होती, ते मी केलं. तिच्या कपाटात खालच्या कप्प्यात, लग्नाच्या शालूच्या घडीत ते ठेवले. प्रेस गोणपाटासकट ओढत आणून पलंगाखाली सारला. त्याच पलंगाखाली. सरकवताना तो पलंगाच्या पायाला आपटला आणि पलंग हलला, मी दचकून वर बघितलं, तिला जाग आली की काय. शिशाची तार राहिली होती. वेटोळं कुठे मावेना. शेवटी तांदळाचा डबा उघडला आणि आत खोल दाबली, वरून तांदूळ सारखे केले. जिने घरात शिसं उघडं ठेवू दिलं नाही, तिच्या तांदळात.

मग तिने लावलेल्या सवयीप्रमाणे साबणाने हात धुतले, दोनदा, नखांतून. आणि समोर जाऊन मॅथ्यूचं दार वाजवलं. तो लुंगीवर आला, माझं तोंड बघितलं आणि विचारलं, "भाभीजी?" मी मान हलवली. "कब हुआ, भाईसाब?"

"अब्बी," मी म्हणालो. "अब्बी देखा."

त्याने माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. ते ओले होते. त्याला वाटलं, मी डोळे पुसून आलोय.